पोट भरलेले मासे

भाऊचा धक्का ते गिरगाव

बहिणीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायला भावानं मुंबईला जावं, यात वर्णन करण्यासारखं काही नाही. आमच्या राजापूर तालुक्यातला प्रत्येक भाऊ कधी ना कधी जातो आणि चार गप्पा घेऊन परत येतो. मीही तसाच येणार होतो. जैतापूरला बोट धरताना आईनं डिंकाच्या लाडवांचा डबा, पोह्यांची पुरचुंडी आणि 'तिच्या सासरी तोंड सांभाळून बोल' एवढा उपदेश बरोबर दिला होता. लाडू सुखरूप पोचले. उपदेश मात्र धक्क्यावरच सांडला, कारण हमालानं माझी ट्रंक माझ्याच पायावर ठेवली आणि वर मलाच विचारलं, दिसत नाही का.

बोटीचं काही सांगत नाही. ज्यांना बोट लागते त्यांना ती ठाऊक आहे आणि ज्यांना लागत नाही त्यांना सांगून उपयोग नाही.

दसरा होऊन गेला होता. द्विभाषिकाचं राज्य चालू होतं आणि गिरगावातली एक भिंत रिकामी नव्हती. आमच्याकडे 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे सभेत ऐकायचं आणि टाळ्या वाजवून घरी जायचं. इथे ते न्हाव्याच्या आरशावर खडूनं लिहिलेलं, पिठाच्या गिरणीच्या पत्र्यावर डांबरानं लिहिलेलं, आणि एका दुधवाल्यानं तर म्हशीच्या पाठीवर चुन्यानं काढलेलं. खोटं कशाला सांगू, घोडागाडीतून ते सगळं वाचताना माझा ऊर भरून आला. मुंबईत मला ज्याचा राग आला नाही अशी ती एकच गोष्ट, आणि तीही पुढे तशी राहिली नाही.

इंदूच्या सासरच्या वाडीचं नाव देत नाही. त्या माणसांचं पुरेसं भोगून झालं आहे. जुनं, खातंपितं घर. एके काळी सगळी वाडी त्यांचीच होती, आता राहत्या तीन खोल्या आणि मधल्या चौकातली विहीर. इंदूचे यजमान वसंतराव फोर्टात कारकून आहेत, सज्जन आणि अगदी मऊ. घरात वडीलधारे म्हणून त्यांचे चुलते, अण्णा. जकातीच्या कचेरीत उभी हयात काढून निवृत्त झालेले, सत्तरीचे, ताठ, आणि अक्षर असं की पाटीवर गिरवायला द्यावं.

दार इंदूनंच उघडलं. ऑक्टोबरच्या उकाड्यात माझा सदरा पाठीला चिकटला होता आणि ही अंगावर घोंगडी घेऊन उभी. चेहरा हळदीसारखा. सातवा महिना लागायचा होता, पण पोट सोडलं तर बाकी अंगावर मांस म्हणून नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, काही नाही, थंडी वाजून येते एक दिवसाआड, घाम आला की उतरते. किती दिवस? तीन आठवडे.

मी हायस्कुलात शास्त्र शिकवतो. एक दिवसाआड थंडी वाजून येणारा ताप म्हणजे हिवताप, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्यासाठी रजा काढून बाजारात गेलेल्या वसंतरावांना घरी येऊ दिलं, चपला काढू दिल्या, आणि मग विचारलं. डॉक्टरांनी औषध दिलं होतं. ते कपाटात होतं, पुडी न फोडलेली. अण्णा म्हणाले होते की कोयनेल पोटुशीला चालत नाही, पोटातलं पाडतं, म्हणून ते तसंच राहिलं होतं. 'त्यांच्या शब्दाबाहेर या घरात काही होत नाही, भाऊसाहेब,' असं वसंतराव जमिनीकडे बघत म्हणाले. मी तिथल्या तिथे पुडी फोडून गोळी इंदूच्या हातावर ठेवली आणि ती गिळेपर्यंत समोर उभा राहिलो. आईचा उपदेश मला आठवत होता. मी तो मानला नाही.

विहीर

दुपारी जेवण फार चांगलं होतं, हे रागातही मान्य करतो. रव्यात तळलेले बोंबील, चिंबोऱ्यांचा रस्सा, आणि तांदूळ आमच्या लाल तांदळापेक्षा हलका. जेवताना अण्णा बोलले नाहीत. समोरच्या भिंतीवर त्यांच्या मुलाचा, शरदचा, हार घातलेला फोटो होता. टपालखात्यात होता, बावीस वर्षांचा. आंदोलनात गोळीबार झाला त्या दिवसांत सकाळी चहा घेऊन बाहेर पडला आणि संध्याकाळी माणसांनी उचलून आणला. हे इंदूच्या लग्नाच्या आधीचं, मला ठाऊक होतं. मात्र तेव्हापासून अण्णांनी काय चालवलं होतं ते मला ठाऊक नव्हतं.

ते संध्याकाळी कळलं. ऊन कलल्यावर इंदू उठली, परातीत कणीक घेतली आणि चौकात विहिरीच्या काठावर जाऊन बसली. सकाळचा ताप घाम येऊन उतरला होता म्हणून तिला बरं वाटत होतं. अण्णा खालच्या खोलीतून एक बरणी घेऊन आले. बरणीत कागदाच्या बोटभर चिठ्ठ्या, आणि प्रत्येक चिठ्ठीवर त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. इंदू एकेक चिठ्ठी कणकेच्या गोळीत वळायची आणि विहिरीत सोडायची. अण्णा दिवसभर लिहीत, ही संध्याकाळी सोडी. लक्ष चिठ्ठ्यांचा नवस होता.

रामनाम लिहून कणकेतून माशांना घालतात, ते आमच्याकडेही आहे. माझी आजी अर्जुना नदीच्या डोहावर ते करायची. पण डोहातले मासे कुणाचे नोकर नव्हते. या विहिरीतले होते. दोन वर्षांमागे मलेरिया खात्याच्या माणसानं बोटाएवढे मासे आणून या विहिरीत सोडले होते, त्यांनी डासांच्या अळ्या खाव्यात एवढ्यासाठी. मी काठावरून वाकून पाहिलं. विहिरीवर जाळीचं झाकण होतं, पण गोळ्या सोडायच्या म्हणून ते विटेचा टेकू देऊन उघडं ठेवलेलं. पाण्यावर भिजल्या कागदाचा आणि पिठाचा तवंग. मासे खाली निवांत, पोटं टम्म. आणि वर, कडेकडेनं, पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडव्या पडलेल्या बारीक काड्या.

इथे वाचकांना दोन ओळी शास्त्र सांगतो. साध्या डासाची अळी पाण्यात डोकं खाली करून लोंबते. हिवतापाच्या डासाची अळी पाण्यावर आडवी पडते. एकदा पाहिलं की ओळखायला भिंग लागत नाही. त्या विहिरीत सगळ्या आडव्या होत्या.

म्हणजे माशांचं पोट कणकेनं भरायचं, म्हणजे ते अळीला तोंड लावणार नाहीत. उरलेलं पीठ आणि कागद पाण्यात कुजवायचा, म्हणजे अळ्यांनाही जेवण. झाकण उघडं ठेवायचं, म्हणजे डासाच्या मादीला अंडी घालायला वाट. आणि नेमक्या दिवेलागणीच्या वेळी, डास उठण्याच्या वेळी, पोटुशी बाई काठावर तासभर बसवायची. डासांनी स्वतः बैठक घेऊन ठरवलं असतं तरी याहून चांगली व्यवस्था झाली नसती. ताटातल्या माशाला रवा आणि विहिरीतल्या माशाला नवस, असलं हे घर.

मी इंदूला हात धरून उठवलं. ती उठली, पण कुजबुजत म्हणाली, 'दादा, इथे काही बोलू नकोस. शरदभावोजी गेल्यापासून अण्णा कुणाशी बोलत नाहीत. फक्त या गोळ्यांचं बोलतात. मीच म्हटलं मी वळते.'

वसंतरावांना मी जिन्यात गाठलं आणि आवाज चढवला. ते म्हणाले, तुमचं सगळं खरं आहे. शेजारचे एक गृहस्थ बाहेर येऊन म्हणाले, तुमचं खरं आहे मास्तर, आम्हालाही डास चावतात, पण अण्णांना कोण सांगणार? पोटचा पोरगा दिलेला माणूस. सगळ्या वाडीला डास चावत होते, सगळ्या वाडीला कारण ठाऊक होतं, आणि सगळी वाडी आदरानं गप्प होती. आमच्या गावात कुणी असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर चार बायकांनी त्याचा उद्धार केला असता. मुंबईच्या सभ्यपणाची मला तेव्हा शिसारी आली.

रे रोड आणि काळाचौकी

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं वही पाहून सांगितलं, त्या भागातल्या विहिरी धोंडू परबाकडे, आज त्याची रजा, राहतो काळाचौकीला. ट्रामच्या वाहकाला मी काळाचौकी म्हणालो आणि त्यानं मला भलतीकडे उतरवलं. विचारत विचारत निघालो तो थेट रे रोडच्या लाकडाच्या वखारीत. सागाचे ओंडके, भुसा, डांबराचा वास. एका फळीवर पाय दिला तर ती फळी नव्हती, चिखलावर तरंगणारी साल होती, आणि मी गुडघ्यापर्यंत आत. करवत ओढणारे दोघे थांबून बघत राहिले. हसले नाहीत, हीच मेहेरबानी.

पाय धुवायला त्यांनी एक डबकं दाखवलं. त्या डबक्यातही अळ्या होत्या. पण त्यांच्यामध्ये चतुराची पिल्लं फिरत होती, पाण्यात राहणारी, हावरट. एकेक अळी धरून खात होती. वर चतुर उडत होते आणि डास टिपत होते. कडेला ओल्या भुशावर माश्यांच्या अळ्या कुठल्याशा मेलेल्या घुशीचा फडशा पाडत होत्या, आणि त्यांच्यावर एक साळुंकी टपलेली. मी त्या डबक्याशी चिखलाचे पाय घेऊन किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. इथे कुणी कुणाला पुण्य म्हणून खाऊ घालत नव्हतं, म्हणून ज्यानं त्यानं आपलं काम चोख केलं होतं.

परबाची खोली तिसऱ्या मजल्यावर. पन्नाशीचा, ठेंगणा माणूस, कुडाळकडचा. मी राजापूरचा म्हटल्यावर त्यानं मला जेवायलाच बसवलं. कुळथाची पिठी, भात, भाजलेली सुकट. गिरगावच्या चिंबोऱ्यांपेक्षा ती मला जास्त आवडली, पण तेव्हा मी गिरगावावर खार खाऊन होतो. जेवताना ढेकूण चावत होते. त्याची बायको ओशाळून म्हणाली, मागे चाळीत डीडीटीची पावडर मारून गेले, तेव्हा पाली मेल्या, कोळी मेले, झुरळंही गेली, ढेकूण तेवढे मागे राहिले आणि आता त्यांना विचारणारं कुणी नाही. परब म्हणाला, खाणारे आधी मरतात, चावणारे मागे उरतात, हे साहेब लोकांना आम्ही सांगायचं नसतं. अक्षरओळख जेमतेम असलेला माणूस, पण मी वर्गात वर्षभर घोकून घेतो ते त्यानं दोन घासांमध्ये सांगितलं.

मग मी वाडीचं नाव घेतलं. त्यानं ताटातला हात थांबवला.

'थंय मी गेल्या म्हयन्यात गेल्लंय,' परब म्हणाला. 'म्हटलां, मासे खाणत नाय तर थोडा तेल ओतूया, झाकण बंद करूया. तर तो म्हातारो एक छापील पुस्तक घेवन इलो आणि माका वाचून दाखवूक लागलो. म्हणे अळी पाणी साफ करता, तिका मारू नुको, शास्त्राच्या मास्तरान लिवल्यान हा. मी अडाणी. छापलेल्याक काय म्हणतलंय? परत इलंय. तो मास्तर गावलो मां, तर त्या विहिरीतला पाणी तेकाच पाजीन.'

मी पिठीभात कालवत राहिलो.

आमच्या वाचनालयाच्या, हे तुम्ही वाचता आहात त्याच वार्षिकात, गेल्या वर्षी, 'क्षुद्र जीवांचे थोर कार्य' या नावाचा माझा लेख आला होता. वाचकांपैकी अनेकांनी रस्त्यात थांबवून माझं कौतुक केलं होतं. हेडमास्तरांनी तो प्रार्थनेनंतर वाचून दाखवला होता. इंदूला मी एक प्रत पाठवली होती.

परबाला मी त्या वेळी सांगायला हवं होतं. त्याच्या घरात बसून त्याचं अन्न खात होतो. मी म्हणालो, उद्या तुम्ही माझ्याबरोबर चला, आपण म्हाताऱ्याला समजावू. आणि पाणी प्यायलो. रागावलेला माणूस शूर असतो अशी माझी समजूत होती, ती काळाचौकीला संपली.

पुन्हा वाडी

शुक्रवारी सकाळी परब खाकी टोपी, लांब दांड्याचा डाव आणि पांढरी इनॅमलची थाळी घेऊन आला. इंदूच्या दोन गोळ्या झाल्या होत्या, तरी पहाटे थंडी वाजून गेली होती आणि ती आत झोपली होती. चौकात वाडीतली माणसं जमली. परबानं डाव विहिरीत सोडला, वर ओढला आणि पाणी थाळीत ओतलं. पांढऱ्या थाळीवर अळ्या वळवळताना लांबूनसुद्धा दिसत होत्या. त्यानं थाळी अण्णांच्या समोर धरली. अण्णांनी चष्मा लावून नीट पाहिलं, मग आत गेले आणि वार्षिक घेऊन आले.

'परब, तुम्हाला मागे वाचून दाखवलं होतं,' अण्णा म्हणाले. 'आज लेखक स्वतः हजर आहेत. हेच ते मास्तर.'

आणि त्यांनी वाचलं. जकातीच्या कचेरीत सवय झालेला स्पष्ट, सावकाश आवाज. 'डासाची अळी ही जलाशयातील झाडूवाली होय. कुजके नासके भक्षण करून ती पाणी निवळते, आणि अखेर मत्स्याच्या मुखी पडून सृष्टीचे ऋण फेडते. नर डास तर केवळ पुष्परसावर जगतो. निरुपयोगी असा एकही जीव ईश्वराने निर्मिला नाही.' माझं वाक्य न वाक्य. अण्णांनी हिशेब साधा मांडला होता: गोळ्यांचं जे पीठ उरेल ते अळ्या खातील, अळ्यांना मासे खातील, विहीर स्वच्छ राहील आणि नवसही पुरा होईल. त्या लेखावर विश्वास ठेवला तर यात चूक कुठेच नव्हती.

परबानं थाळी जमिनीवर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

'काल आमच्या घरात बसून जेवलास,' तो म्हणाला. 'तेवा कायेक बोलूक नाय.'

मी अण्णांकडे वळलो. म्हणालो की लेखातलं एकही वाक्य खोटं नाही. फक्त डासाची मादी रक्त पिते, आणि पिताना एकाचा ताप दुसऱ्याच्या अंगात सोडते, हे मी लिहिलं नाही. दोन पानांत बसवायचं होतं आणि शेवट गोड व्हावा अशी हौस होती. आणि मासे अळ्या खातात ते भूक असली तर खातात. भरल्या पोटी माणूससुद्धा कामाला जात नाही. हे बोलताना माझा आवाज चढलेलाच होता, कारण मला दुसऱ्या आवाजात बोलता येत नव्हतं.

अण्णांनी वार्षिक मिटलं. मग परबाला म्हणाले, 'ओता तुमचं तेल.'

परब म्हणाला, गोळ्या बंद होत असतील तर तेल नको, तेलानं पाणी नासतं आणि वाडीला नळ तासभरच. वरचा तवंग काढून टाका, झाकण लावा, आणि माशांना उपाशी ठेवा. आठ दिवसांत ते आपलं काम आपण करतील. अण्णांनी विटेचा टेकू स्वतःच्या हातानं काढला आणि झाकण बंद केलं. बरणी उचलून आत गेले. परबानं वाडीतल्या दोघांकडून तवंग काढून घेतला, वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याशी न बोलता गेला.

मला वाटलं, झालं. लेखाची चूक कबूल केली, विहीर बंद झाली, औषध सुरू झालं. इंदूला आठवडाभर ताकद येऊ द्यायची आणि पुढच्या बोटीनं न्यायची. त्या संध्याकाळी मी दादरला एका मित्राकडे जाऊन चक्क दोन कप चहा प्यायलो आणि मुंबईला नावं ठेवली.

परळ

शनिवारी दुपारी इंदूच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टर आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, ताबडतोब इस्पितळात हलवा. वसंतराव टॅक्सी आणायला धावले आणि नेमकी उलट्या दिशेला धावले. परळच्या इस्पितळात आम्ही बाकावर बसलो. बाकाच्या वरच, भिंतीवर, डासांपासून सावध राहा असं चित्र लावलेलं होतं. मी ते चित्र फाडायला उठलो आणि वसंतरावांनी मला धरलं. त्या मऊ माणसानं मला एवढ्या जोरात धरलेलं तेवढंच एकदा.

मुलगी होती. सहा महिन्यांची, पुरती घडलेली. श्वास नव्हता.

तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, औषधानं झालं का? त्या म्हणाल्या, औषधानं नव्हे. औषध तीन आठवडे आधी मिळायला हवं होतं. असा ताप वाढला की मूल टिकत नाही, दर वर्षी या दिवसांत अशा बाया येतात. त्यांनी हे अगदी रोजच्या सवयीनं सांगितलं, आणि मला त्यांचाही राग आला. खरं तर त्या बाई सकाळपासून जेवल्या नव्हत्या, हे मला नंतर कळलं.

रविवारी भेटीच्या वेळेला अण्णा आले. गिरगावाहून एकटे ट्रामनं. इंदूच्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. बसायला स्टूल दिलं तर बसले नाहीत. इतक्या दिवसांत मी त्यांना गोळ्या आणि विहीर यांशिवाय दुसरं काही बोलताना ऐकलं नव्हतं.

'शरदला दुसऱ्यांनी मारलं, पोरी,' अण्णा म्हणाले. 'हिला मी.'

इंदूनं हात पुढे केला, पण त्यांनी तो घेतला नाही. वसंतराव खिडकीपाशी तोंड फिरवून उभे होते. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला होतो, हातात डिंकाच्या लाडवांचा तो न उघडलेला डबा घेऊन. पोर गेलेल्या म्हाताऱ्यानं सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं. त्यातला माझा वाटा मी तिथे उचलायला हवा होता. सगळ्या वाडीवर, वसंतरावांवर, ट्रामच्या वाहकावर ओरडायला मला शब्द सापडले होते. तिथे सापडले नाहीत.

परतीच्या बोटीत

बारा दिवसांनी इंदूला घेऊन निघालो. बाळंतपणाला न्यायची तिला, विश्रांतीला नेत होतो. निघायच्या दिवशी परब विहिरीवर आला होता. डाव बुडवून त्यानं थाळीत पाणी ओतलं, एकही अळी नव्हती. मासे वर येऊन तोंड उघडत होते. त्यानं मला रामराम केला, मी त्याला केला. अण्णांनी लिहिणं बंद केलं होतं.

डेकवर गर्दी होती. इंदूला पथारीवर टेकून बसवलं आणि पांघरूण दिलं. किनारा दिसेनासा झाल्यावर मी एकदाचं बोललो. म्हटलं, इंदू, अण्णांचा दोष नाही. तो लेख माझा होता.

'ठाऊक आहे,' ती म्हणाली. 'अण्णांना तो मीच वाचून दाखवला. परब तेल घेऊन पहिल्यांदा आला त्याच्या आदल्या दिवशी. मलाही विहिरीतल्या त्या काड्या बघून भीती वाटत होती रे. म्हणून तुझा लेख काढला. त्यात तापाचं काही नव्हतं. म्हटलं, आपला दादा शास्त्राचा मास्तर, तसं काही असतं तर त्यानं लिहिलं असतं.'

तिच्या आवाजात राग नव्हता. मी वाट बघत होतो की ती रागावेल, एवढा राग आमच्या घरात माझ्या एकट्याच्या वाट्याला यायचं कारण नव्हतं. ती रागावली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, 'आता यंदाच्या अंकात सगळं लिही.'

म्हणून लिहिलं. ज्यांच्या घरी गेल्या वर्षीचा अंक असेल त्यांनी माझ्या लेखाच्या शेवटी आपल्या हातानं एवढं लिहून घ्यावं: डासाची मादी चावते, आणि तिच्या चाव्यानं लेखकाच्या बहिणीची मुलगी जन्मायच्या आधी मेली.